एक्केचाळीस नंबरची बरणी

१

दर सोमवारी सकाळी साडेनऊला मी बरण्यांची पातळी बघते. बावीस वर्षं बघते आहे. आमच्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना विभागाचं संग्रहालय आहे, पहिल्या मजल्यावर, एका लांबलचक खोलीत. तिथे दोनशे बारा बरण्या आहेत. प्रत्येकीत माणसाचा एखादा अवयव आणि त्याच्याभोवती फॉर्मॅलिन. झाकण कितीही घट्ट बसवा, द्रव थोडा थोडा उडतोच. म्हणून प्रत्येक बरणीला मागच्या बाजूने, पातळीपाशी, पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावलेला असतो. द्रव पट्टीच्या खाली गेला की झाकणातलं रबरी बूच काढायचं, सिरिंजने भर घालायची, बूच लावायचं आणि पुढच्या बरणीकडे जायचं. माझा हुद्दा तंत्रज्ञाचा आहे, पण पोरं पाठीमागे मला 'बरणीवाल्या बाई' म्हणतात. त्यांना वाटतं, मला माहीत नाही.

एक्केचाळीस नंबरची बरणी चौथ्या कपाटात आहे. हातभर उंच, चौकोनी. तिच्यात अख्खी मूत्रसंस्था आहे: दोन मूत्रपिंडं, त्यांच्या माथ्यावर दोन अधिवृक्क ग्रंथी, दोन्हीकडून खाली उतरणाऱ्या मूत्रवाहिन्या आणि तळाशी मूत्राशय. सगळं एका पारदर्शक तक्त्यावर दोऱ्याने बांधलेलं. पहिल्या वर्षाची पोरं इथे हमखास चुकतात. त्यांना डावं ते उजवं वाटतं. मी त्यांना सांगते, "बरणीतला माणूस तुमच्याकडे तोंड करून उभा आहे असं समजा. त्याचा डावा हात तुमच्या उजव्या हाताला." मग त्यांना पटतं. खूण म्हणून ग्रंथी दाखवते. उजवी तिकोनी, टोपी घातल्यासारखी. डावी अर्ध्या चंद्रासारखी, जरा कलंडलेली.

त्या सोमवारी या बरणीतला द्रव पट्टीच्या वर होता. नखाएवढाच, पण वर.

बावीस वर्षांत मी पातळी खाली जाताना पाहिली होती. वर जाताना कधीच नाही. वर जाणार तरी कशी? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. पट्टी सरकली असेल, असं म्हणून मी पट्टी काढली, नव्या पातळीपाशी लावली आणि बेचाळीस नंबरकडे गेले.

२

घरी माझा धाकटा भाऊ होता. त्याचं खरं नाव कुणी घेत नाही, सगळे बारक्या म्हणतात. उंची सहा फूट. लहानपणी अशक्त होता तेव्हा चिकटलेलं नाव मग उंचीबरोबर वाढत गेलं. दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करायचं त्याचं काम. मापाचा माणूस. दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि तेव्हापासून आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, तो मशीनला जोडलेला असायचा.

त्याला दिवसाला पाऊण लिटर पाणी होतं. चहा, औषधं, तोंड ओलं करणं, सगळं त्यातच. सकाळी तो बाटली भरून ठेवायचा आणि दिवसभर तिच्याकडे बघत बसायचा. लघवी तर वर्षभर झालीच नव्हती. एक थेंब नाही.

"ताई, माझ्यासारखा सोयीचा पाहुणा कुणाला मिळणार नाही," तो म्हणायचा. "बाथरूमला रांग लावत नाही."

भावजय हसायची नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागायची, घासलेलीच.

माझी किडनी त्याला जुळते, हे त्याच आठवड्यात कळलं होतं. मी लगेच हो म्हटलं. एवढंच सांगते की मी घाबरले होते, खूप घाबरले होते, आणि ते मी कुणाला कळू दिलं नव्हतं. रोज माणसाचं आतलं सामान हाताळणारी बाई स्वतःचं द्यायला घाबरते, हे कुणाला पटलंही नसतं.

३

आता एक गोष्ट सांगायला हवी. एक्केचाळीसच्या लेबलावर 'एकाच व्यक्तीची संपूर्ण मूत्रसंस्था' असं लिहिलेलं आहे. ते खरं नाही.

त्या सोमवारच्या पाच महिने आधी, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, त्या नमुन्याचा एक दोरा तुटला. मी बरणी उघडून तक्ता बाहेर काढला तर डावं मूत्रपिंड जुनं होऊन इतकं ठिसूळ झालेलं, की चिमट्याखाली त्याचा भुगा झाला. परीक्षेला नमुना तर हवाच होता. सुट्या अवयवांच्या बादलीत एक डावं मूत्रपिंड पडलं होतं, चांगलं घट्ट, कुणा दुसऱ्याचं. आमच्या धंद्यात अशी जोडाजोड सगळेच करतात. मागून एक टाका घालायचा, तक्त्याला टांगायचं, पुढून काही कळत नाही. ज्यांच्या हाताखाली मी शिकले ते मास्तर म्हणायचे, बघणाऱ्याला अवयव दिसला पाहिजे, आधारकार्ड नाही.

मी मात्र त्या दिवशी बारक्याला मशीनवर सोडून सरळ कामावर आले होते. सुई-दोरा हातात घेतला आणि नुसतं टांगण्याऐवजी शिवायला बसले. धमनीला धमनी, नीलेला नीला, मूत्रवाहिनीला मूत्रवाहिनी. काळा दोरा, बारीक टाके, अडीच तास. कुणालाही दिसणार नाही असं काम. माझी एक खोड आहे, गाठीची दोन टोकं मी सारखी कापत नाही. एक लांब ठेवते. मास्तर त्यावरून ओरडायचे. त्या दिवशीही प्रत्येक गाठीचं एक टोक लांब राहिलं.

शेवटची गाठ मारताना मी म्हणाले, "लाग बाई एकदाची."

कुणाशी बोलत होते कोण जाणे. खोलीत मी एकटीच होते. मनात भाऊच होता, दुसरं काय असणार.

४

पुढच्या सोमवारी पातळी पुन्हा वर. या वेळी बोटभर.

मी सरळ विचार केला. उष्म्याने द्रव फुगतो. मग शेजारच्या बरण्यांतला का नाही फुगला? कुणीतरी भर घातली असेल. फॉर्मॅलिनच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. पोरांनी गंमत केली असेल. बुचावर मी लावलेलं मेण तसंच होतं, माझ्या अंगठ्याच्या ठशासकट. काच कापायच्या हिऱ्याने मी बरणीवर, पट्टीच्याच पातळीला, एक ओरखडा काढला. पट्टी सरकते, ओरखडा सरकत नाही.

मग मी मूत्राशयाकडे पाहिलं. इतकी वर्षं ते रिकाम्या बटव्यासारखं चपटं होतं. आता ते गोल होतं.

विभागप्रमुख मॅडमना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं.

"द्रव पिवळा पडलाय," त्या म्हणाल्या.

"मूत्राशय फुगल्यासारखं वाटतंय, मॅडम."

"आतून कुजत असेल, त्याचा वायू. झाकण नीट बसवा." जाता जाता त्या थांबल्या. "तुम्ही ऑपरेशनची रजा टाकलीत ना? थोडी आधीपासूनच घ्या. दमल्यासारख्या दिसताय."

त्या गेल्यावर मी सिरिंजने साठ मिली काढून पातळी ओरखड्यावर आणली. शेजारच्या विभागात लघवी तपासायच्या पट्ट्या असतात, त्यातली एक मागून आणली. फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेल्या पट्टीवर विश्वास ठेवायचा नसतो, हे मी दुसऱ्या कुणाला सहज सांगितलं असतं. तरी बुडवली. मग पट्टीवरचे रंग पाहिले आणि ती कागदात गुंडाळून टाकून दिली. बारक्याच्या रिपोर्टात असे रंग आले असते तर आम्ही आनंदाने घर डोक्यावर घेतलं असतं.

५

किडनी देणाऱ्याला आधी समुपदेशकाकडे पाठवतात. कुणी जबरदस्ती करत नाही ना, डोकं ठिकाणावर आहे ना, हे बघायला. छोटी खोली, दोन खुर्च्या, टेबलावर पुसायच्या कागदांचा डबा. समुपदेशक बाई माझ्या मुलीच्या वयाची होती.

"झोप कशी आहे?"

"छान."

"आजकाल काही विचित्र वाटतं का? भास वगैरे, दुसऱ्यांना न दिसणारं काही दिसणं?"

खरं सांगितलं असतं तर तिथेच माझ्या नावावर काट मारली गेली असती. आणि माझ्याशिवाय बारक्याला जुळणारं दुसरं कुणी नव्हतं. भावजयीचा रक्तगट वेगळा, आईबाबा नाहीत, माझ्या मुलीला साखरेचा आजार. रांगेत त्याच्यापुढे एकशे नव्वद माणसं.

"नाही," मी म्हणाले. "काहीच नाही."

तिने कागदावर खूण केली. मी बाहेर आले आणि बाकावर बसून राहिले. खोटं बोलल्याचं काही वाटलं नाही. ते खोटं नसतं तर बरं झालं असतं, एवढंच वाटलं.

त्यानंतर सर्जननी माझ्या पोटाचा सीटी स्कॅन पडद्यावर दाखवला. मी या धंद्यातली म्हणून त्यांनी जरा सविस्तर सांगितलं. डावी किडनी घेणार, कारण तिची नीला लांब असते, जोडायला बरी पडते. "पण तुमच्या डावीला दोन धमन्या आहेत," त्यांनी पेनाने दाखवलं. "ही मोठी. आणि ही बारकी, थेट खालच्या टोकाला जाणारी. शंभरातल्या पंचवीस-तीस जणांत असं असतं. आमचं शिवणकाम वाढणार, बाकी काही नाही."

"आणि वरची ग्रंथी?"

"अधिवृक्क? ती तुमच्याकडेच राहील. आम्ही फक्त किडनी नेतो."

मी घरी जाऊन बारक्याला सांगितलं, की माणूस घाबरला की छातीत धडधड करणारं रसायन त्या ग्रंथीत तयार होतं. म्हणजे किडनी तुला, भीती मला.

"वाटणी चांगली आहे," बारक्या म्हणाला. "तू थोरली. जास्त तुलाच मिळायला पाहिजे."

६

ऑपरेशनच्या आधीचा शेवटचा सोमवार. पातळी ओरखड्याच्या दोन बोटं वर होती.

मी स्टूल घेऊन बरणीसमोर बसले. दिवसाढवळ्या, अकरा वाजता. खिडक्या उघड्या होत्या, खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. मी पोरांना नेहमी सांगते, मूत्रवाहिनी म्हणजे नुसती नळी नाही. तिला स्नायू असतात. मिनिटाला दोन-तीनदा ती आवळते आणि ते आवळणं लाटेसारखं वरून खाली जातं. लघवी आपोआप उतरत नाही, ढकलली जाते. माणूस उलटा टांगला तरी मूत्राशयातच पोचेल.

डावीकडची मूत्रवाहिनी आवळली. माझ्या टाक्यांच्या थोडं वर एक बारीक फुगवटा आला, टाक्यांपाशी अडला, मग पार झाला आणि खाली गेला. एका टाक्याचं लांब टोक हललं आणि स्थिर झालं.

मी घड्याळ बघत राहिले. बावीस सेकंद. मग पुन्हा.

उजवीकडचं काहीच हलत नव्हतं. ते पूर्वीसारखंच राखाडी, मेलेलं होतं. चालत होतं ते फक्त मी शिवलेलं.

मी कात्री आणली. मेण खरवडून झाकण उघडलं, हातमोजे घातले, तक्ता अर्धा वर उचलला. चार टाके कापले असते तर संपलं असतं. मला ते नीट कळत होतं. आणि कात्री टाक्याला लावून मी तशीच उभी राहिले, हात अवघडेपर्यंत.

लागलेली किडनी तोडायची? त्या आठवड्यात? मी शिकलेसवरलेली बाई आहे, मांजर आडवं गेलं म्हणून थांबत नाही. पण परवा माझी काढून बारक्याला लावणार होते आणि ती लागावी म्हणून घरातलं प्रत्येक माणूस श्वास धरून बसलं होतं. माझ्याच्याने झालं नाही. मी तक्ता खाली सोडला, झाकण बसवलं, मेण लावलं. नंतर फार वेळा वाटलं, कापायला हवं होतं.

७

ऑपरेशन व्यवस्थित झालं. दोन थिएटर, मध्ये एक छोटी खोली. मला उघडलं ते एकात, बारक्याला दुसऱ्यात. काढलेली किडनी मधल्या खोलीत बर्फाच्या भांड्यात ठेवतात, धुतात, मग पलीकडे नेतात. माझी तिथे पंचवीस मिनिटं होती. पलीकडे तयारीला थोडा वेळ लागला, असं नर्स म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सर्जन आले. खुशीत होते.

"भावाची गाडी सुरू झाली. रात्रीत दोन लिटर."

मी रडले. टाके दुखत होते तरी रडले. भावजय पायथ्याशी उभी होती, तिने चादरीवरून माझा पाय धरला तो सोडलाच नाही.

"आणि गंमत म्हणजे," सर्जन म्हणाले, "सीटीत दोन धमन्या दिसत होत्या ना? बसवायला घेतली तर एकच. बारकी काही सापडली नाही. होतं असं कधी कधी, स्कॅन फसवतो. बरंच झालं, काम सोपं झालं."

"एकच?"

"एकच. बाकी किडनी हाताला जरा कडक लागली. रक्त सोडल्यावर गुलाबी व्हायलाही वेळ घेतला, आम्ही जरा टेन्शनमध्येच होतो. पण मग काय, धो धो." त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "शेवट गोड तर सगळं गोड."

ते गेल्यावर भावजय म्हणाली, "ताई, तुम्ही हसत का नाही?"

"टाके ओढतात गं," मी म्हणाले.

८

पंधरा दिवसांनी बारक्या घरी आला. आता तो दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचा, डॉक्टरांच्याच हुकमावरून. मापाचं भांडं बाथरूममध्ये. प्रत्येक वेळी बाहेर आला की आकडा ओरडून सांगायचा, "दोनशे नव्वद!" आणि मग भावजय स्वयंपाकघरातून "कळलं, शेजाऱ्यांनाही कळलं" म्हणायची. मी कामावर जायला लागल्यावर तो फोन करून आकडे सांगणार होता. त्याच्या गालांवर रंग आला होता. दोन वर्षांनी तो पुन्हा काट्यांना हात लावायला लागला.

एका दुपारी मी त्याच्याजवळ बसले होते. तो औषधांच्या गोळ्या डबीत लावत होता.

"ताई, एक विचारू? हसू नकोस."

"विचार."

"लघवीला वास येतो. औषधांचा असेल, डॉक्टर तसंच म्हणाले. पण ओळखीचा वाटायचा आणि आठवत नव्हतं कुठला. काल आठवलं." त्याने डबीचं झाकण लावलं. "तू कामावरून घरी आलीस की तुझ्या कपड्यांना यायचा ना, तो. तुझ्या बरण्यांचा."

"माझीच किडनी आहे. बावीस वर्षं तेच हुंगते आहे."

"तेच म्हटलं," तो म्हणाला. "ताईची किडनी, ताईचा वास."

तो हसला. मीही हसले. नंतर मी बाथरूममध्ये गेले, ते भांडं नाकाशी धरलं आणि धुऊन ठेवलं. मुरलेला वास आहे, असं स्वतःला सांगितलं. तेवढं सांगून त्या दिवसापुरतं भागलं.

९

सहा आठवड्यांनी मी कामावर रुजू झाले. सोमवार होता. पहिल्या बरणीपासून सुरुवात केली, क्रमाने. महिना-दीड महिना कुणी बघितलं नव्हतं, सगळीकडे पातळी उतरलेली. चाळीस बरण्या भरल्या. घाई केली नाही.

एक्केचाळीस काठोकाठ भरली होती. बुचाखालून झिरपून कपाटाच्या फळीवर एक पिवळट वर्तुळ वाळलं होतं.

डावीकडचं मूत्रपिंड राखाडी नव्हतं. फॉर्मॅलिनमध्ये राहिलेलं काहीही राखाडी-तपकिरी होतं, त्याला अपवाद नाही. हे गडद लाल होतं. गुळगुळीत, ओलसर, बाजारात ताजं म्हणून दाखवतात तसं.

मी भिंग आणलं. धमन्या मोजल्या. मोठी एक, माझ्या टाक्यांनी जोडलेली. आणि तिच्या खाली आणखी एक. बारकी. थेट खालच्या टोकाला जाणारी.

बादलीतल्या त्या मूत्रपिंडाला धमनी एकच होती. मी अडीच तास त्यावर वाकून बसले होते, मला पक्कं माहीत आहे. दुसरी धमनी मी कधी जोडलीच नव्हती. पण ती जोडलेली होती. काळ्या दोऱ्याने, पाच टाके, आणि प्रत्येक गाठीचं एक टोक लांब ठेवलेलं.

मी डाव्या कुशीवर हात ठेवला, जिथे व्रण आहे तिथे. मग तोच हात काचेवर ठेवला. काच कोमट होती.

बरणीत मूत्रवाहिनी आवळली, लाट खाली गेली. मूत्रपिंडाच्या माथ्यावर ती अर्ध्या चंद्रासारखी ग्रंथी होती, जुनी, त्या पहिल्या माणसाची. ती राखाडीच होती. माझी माझ्याकडे होती आणि छातीत धडधडत होतं.

मला समजलं असं मी म्हणणार नाही. मी फक्त दोन धमन्या मोजल्या. पाच वेळा मोजल्या.

शेवटी सवयीने सिरिंज घेतली आणि चाळीस मिली काढले, निदान बूच तरी कोरडं राहावं म्हणून. दुपारी बारक्याचा फोन आला.

"ताई, आज कधी नव्हे ती कमी झाली. रोज या वेळेला बरोब्बर तीनशे वीस होते. आज दोनशे ऐंशी."

"पाणी कमी प्यायलास?"

"मोजून प्यायलोय. चाळीसचा फरक आहे. वजनकाटेवाल्याला चाळीस म्हणजे खूप."

कावळा बसायला आणि फांदी तुटायला. मी तेच म्हटलं स्वतःशी. फोन ठेवला, चंचुपात्रात काढून ठेवलेले चाळीस मिली सिरिंजमध्ये ओढले आणि परत बरणीत घातले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याने तीनशे वीस सांगितले. त्यानंतर मी एक थेंबही काढून पाहिलेला नाही. कुणाच्या जिवावर पाहू?

१०

गेल्या शुक्रवारी मॅडम संग्रहालयात आल्या. हातात कागद होता.

"प्लास्टिकची मॉडेल्स मंजूर झाली," त्या म्हणाल्या. "आता जुन्या बरण्या काढायला घेऊ. एक्केचाळीसपासूनच सुरू करा, द्रव बघा किती पिवळा झालाय. नमुना जाळायला पाठवून द्या."

"नको, मॅडम."

मी त्यांना बावीस वर्षांत नको म्हटलं नव्हतं. त्यांनी कागदावरून वर पाहिलं.

"का?"

"ती चांगली चालू आहे."

"चालू आहे?"

"टिकून आहे, असं म्हणायचंय. पोरांना दाखवायला बरी पडते."

त्यांनी बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जरा जास्त वेळ. मी बरणीच्या आणि त्यांच्या मधे उभी होते. त्यांना डावी बाजू दिसत नव्हती.

"बरं, राहू दे," त्या म्हणाल्या. "एवढा जीव आहे तर राहू दे. तुम्ही निवृत्त होईपर्यंत ठेवू, मग नवीन माणूस काय ते बघेल."

त्या गेल्या. सॅंडलचा आवाज जिन्यावरून खाली उतरत गेला आणि थांबला.

मला निवृत्त व्हायला चार वर्षं आहेत. नीट सांभाळली तर बसवलेली किडनी पंधरा वर्षं जाते, असं सर्जन म्हणाले होते. काहींची वीसही जाते.

फोन वाजला. बारक्या होता.

"तीनशे वीस," तो म्हणाला. "ऐकतेस ना?"

"ऐकतेय," मी म्हणाले, आणि जुनी पट्टी काढून नवी वरच्या पातळीपाशी लावली.